दोन नावांची वाटी

रत्नप्रभाबाई पांढरीपांडे यांच्या घरात बिननावाची वस्तू सापडणं अवघड होतं. पातेली, डबे, झाकण्या, उलथनी, अगदी चहाची गाळणीसुद्धा. जिथे बोटभर सपाट जागा मिळेल तिथे 'र. नी. पांढरीपांडे'. छत्रीच्या दांड्यावर रंगाने, उशीच्या अभ्र्यांवर आतल्या बाजूने दोऱ्याने. केरसुणीवर नाव टाकता येत नाही म्हणून तिच्या मुठीला लाल चिंधी. राळेगावातल्या बायका म्हणत, बाईंकडे जेवायला जाल तर जपून; ढेकर दिला तरी त्यावर त्यांचं नाव निघेल.

या गमतीच्या मागे एक जुनी गोष्ट होती. बाई लग्न होऊन दारव्ह्याच्या एकत्र घरात आल्या तेव्हा वडिलांनी रुखवतात भांडी भरपूर दिली, पण लग्नाच्या घाईत त्यांवर नावं टाकायची राहून गेली. काही वर्षांनी भाऊ-भाऊ वेगळे झाले. भांडी अंगणात मांडली गेली आणि सासूबाईंनी न्याय केला, ज्याचं नाव त्याची वस्तू. मोठ्या जावेच्या भांड्यांवर नाव होतं, धाकटीच्याही होतं. रत्नप्रभाबाईंची बिननावाची भांडी 'घरची' ठरली, आणि घरची म्हणजे सासूबाईंची. बाई राळेगावात बिऱ्हाड करायला आल्या ते एक पातेलं, दोन ताटं आणि हा धडा घेऊन. त्यांचे यजमान नीळकंठराव तहसील कचेरीत कारकून होते. ते म्हणाले, भांड्यांचं एवढं काय, आपण नवी घेऊ. घेतलीही. पण त्यानंतर नवं भांडं दुकानातून सरळ घरी असं कधी आलं नाही. आधी ते नाव टाकणाऱ्याकडे जायचं, मग चुलीवर.

शाळेत बाई इंग्रजी शिकवत. इंग्रजीतही त्यांचा जीव एकाच गोष्टीत गुंतलेला, नावाच्या शेवटी वर टांगलेली ती इवलीशी खूण आणि तिच्या पाठोपाठचा एस. अ‍ॅपॉस्ट्रॉफी हा शब्द पोरांच्या जिभेवर चढत नसे. बाई सांगत, मालकीची खूण म्हणा. या बाबतीत मराठीवर त्यांचा जरा रागच होता. राजूचा बैल, राजूची गाय, राजूचं वासरू. वस्तू बदलली की आपला प्रत्यय तिच्यापुढे वाकतो. इंग्रजीत तसं नाही. बैल असो की गाय, राजूची खूण तीच. 'इंग्रज मालकाकडे बघतो, मालाकडे नाही,' असं त्या फळ्यावर खडू आपटून सांगत, आणि मागच्या बाकांवरच्या पोरांनाही ते पटत असे.

गावातल्या पाट्या वाचणं हा त्यांचा छंद होता, आणि त्या चुकीच्या आहेत हे दुकानदाराला सांगणं हे कर्तव्य. वाहिद भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी बसून विजेच्या सुईने नावं टाकायचा. त्याच्या पत्र्याच्या पाटीवर इंग्रजीत नाव होतं, आणि त्यात दोन ठिकाणी ही खूण टांगलेली. एक काढून टाक, असं बाईंनी कितीदा तरी सांगितलं. वाहिद म्हणायचा, "राहू द्या ना बाई. लिंबू-मिरची दोन टांगल्या तं नजर डबल उतरते."

नीळकंठराव गेले, नोकरी संपली, आणि बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी काढली. खोली मोठी होती, दोन्ही अंगांना खिडक्या. दारावर पाटी लागली, 'पांढरीपांडेज इंग्लिश क्लासेस'. खूण जागच्या जागी, पेंटरच्या मागे उभं राहून काढून घेतलेली. आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून मुली सायकलींवर यायला लागल्या. बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच अशी एक गोष्ट झाली होती, जिच्यावर सासूचा, जावेचा, नवऱ्याचा, सरकारचा, कोणाचाच हात नव्हता. क्लास त्यांचा होता. बाकी सगळं आलं तसं गेलं. हे जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग घरात अनघा आली.

अनघा उमरखेडची. बाईंचा मुलगा क्षितिज पंचायत समितीत कंत्राटावर संगणक चालवायचा. त्याने स्वतःच पसंत केलेली मुलगी. इंग्रजी घेऊन बी. ए., वर बी. एड. हे ऐकून बाईंच्या मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंत, आयती मदत आली. बाईंनाही आधी तसंच वाटलं. अनघा वह्या तपासू लागली. हिरव्या पेनाने तपासते हे बाईंना खटकलं, त्यांनी लाल पेन दिला. अनघाने तो घेतला. वाद घातला नाही, कपाळाला आठी नाही. बाईंच्या मनात शंकेचं पहिलं बी पडलं ते तिथेच. वाद न घालणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कळत नाही.

दिवाळीनंतर बाईंचा आवाज बसला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, शेवटी यवतमाळला दाखवलं. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. गाठ आहे, साधी आहे, पण बोलणं कमी करा, शिकवणं तर बंदच ठेवा, असं सांगितलं. बाई बाहेर चपला शोधत होत्या तेवढ्यात अनघा डॉक्टरांशी आत काहीतरी बोलली. बसमध्ये बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, पथ्य विचारत होते. पथ्य त्या कागदावर लिहिलेलंच होतं. गाठ घशात आहे हे बाईंना मान्य होतं. पण 'शिकवणं बंद' हे शब्द डॉक्टरांचे की डॉक्टरांच्या तोंडी घातलेले, हे त्यांना राळेगाव येईपर्यंत ठरवता आलं नाही.

तेव्हापासून बॅचेस अनघा घेऊ लागली. 'थोडे दिवस' असं ठरलं होतं. मुली आधी बाईंना मॅडम म्हणत. मग त्या 'मोठ्या मॅडम' झाल्या आणि अनघा 'छोट्या मॅडम'. मग नुसती 'अनघा मॅडम'. पुढच्या खोलीतून हसण्याचे आवाज येऊ लागले. बाईंच्या क्लासात पंधरा वर्षांत कोणी हसलं नव्हतं.

स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये एक दार होतं. त्याच्यामागे उभं राहून बाई तांदूळ निवडायच्या. तांदूळ इतका स्वच्छ कधी नव्हता. एक दिवस अनघाने त्यांचाच धडा काढला, मालकीच्या खुणेचा. बाईंचे कान टवकारले.

"रवीज फादर," अनघा म्हणाली. "रवी बापाचा मालक आहे काय गं?"

मुली हसल्या.

"मदर्स हाउस. आईचं घर. पण घर ग्रामपंचायतीत कोणाच्या नावावर आहे?"

"बाच्या," कोणीतरी म्हटलं.

"मग आईचं काहून म्हणतो आपण?"

मग अनघानेच सांगितलं की ही खूण दर वेळी मालकीची नसते. कधी नात्याची असते, कधी ज्याने केलं त्याची, कधी ज्याने दिलं त्याची. आईज भाकर म्हटलं तर भाकर केली आईने, खाल्ली तुम्ही. मुली पुन्हा हसल्या, आणि दारामागे बाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांना व्याकरण ऐकूच आलं नाही. त्यांना ऐकू आलं ते घर आणि नावावर. एवढे दाखले जगात असताना हिला घराचाच काहून सुचावा?

बाई शुद्ध बोलत. शाळेत त्यांचा तसा लौकिकच होता. पण संतापल्या की मनातल्या मनात त्यांचं वऱ्हाडी वर यायचं.

बी पडलेलंच होतं, त्याला पाणी घातलं धनीबाईने. धनीबाई भांडी घासायला यायची आणि गावातली खबर घासून-पुसून लख्ख करून आणायची. राख हातावर घेत तिने सांगितलं, "तुमची सून त्या बस स्टँडापासच्या नव्या कॉम्प्लेक्सात चढून राह्यली होती, संग क्षितिजदादा. वरतं खोल्या भाड्यानं देतात म्हणे, क्लासगिलास काढाले. मले काय बाई, म्या पायलं ते सांगतलं."

संध्याकाळी बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाजारात गेली होतीस का. अनघा म्हणाली, हो, कोथिंबीर आणली. कोथिंबीर खरंच ओट्यावर होती, कोवळी, ताजी. बाईंना वाटलं, भानगड असते ती हीच. लपवाछपवी करणाऱ्या माणसाची पिशवी कधी रिकामी येत नाही.

मग सगळंच दिसू लागलं. बाई खोलीत शिरल्या की दहावीच्या मुली बोलायच्या थांबतात. अनघाचा मोबाइल पालथा असतो. क्षितिज जेवताना म्हणतो, आई, जूनपासून काय करायचं ते ठरवायला पाहिजे. आणि अनघा त्याच्याकडे अशी बघते की तो वरण मागतो. बाईंनी रात्रंदिवस एकच चित्र रंगवलं. बस स्टँडाजवळ कोरी पाटी, तिच्यावर 'अनघाज', वर टांगलेली ती खूण, आणि खाली आपल्याच मुलींच्या सायकली. ती खूण हिला शिकवली कोणी? शिकवणारं बी. एड.चं कॉलेज होतं, आपण नव्हे, हे बाई अशा वेळी विसरत.

माघ संपत आला होता. बाईंनी दुधासाठी नवं पातेलं घेतलं आणि त्या वाहिदकडे गेल्या. वाहिदची सुई किरकिरत होती. त्याच्या गुडघ्यापाशी एक निळी पिशवी होती, उमरखेडच्या एका साडीच्या दुकानाची. तशी पिशवी राळेगावात एकाच घरात होती. बाईंना पाहताच वाहिदने पायाने पोतं ओढून पिशवीवर सरकवलं.

माणूस एखादी वस्तू पायाने सरकवतो तेव्हा ती हाताने उघडून बघावी, हा बाईंचा नियम. त्यांनी पोतं बाजूला केलं. आत नव्याकोऱ्या स्टीलच्या वाट्या होत्या, एकात एक बसवलेल्या. त्यांनी एक उचलली. बाहेरच्या अंगाला, मधोमध, सुबक अक्षरात कोरलं होतं, 'अनघा'.

सौ. नाही. क्षितिज नाही. पांढरीपांडे तर नाहीच. नुसती अनघा.

बाई पायरीवर बसल्या. दारव्ह्याचं अंगण त्यांच्या डोळ्यांपुढे लखलखलं. वेगळी चूल मांडायची तयारी आधी भांड्यांवर दिसते, मग माणसांच्या तोंडावर. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मोठ्या जावेनेही वाटण्यांच्या आधी वर्षभर गुपचूप नावं टाकून घेतली होती. दोन माणसांच्या संसाराला वाट्यांची एवढी चळत कशाला, असा एक प्रश्न मनात आला खरा. पण संशयाने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

"सूनबाईनं सांगतलं होतं, घरी बोलू नका," वाहिद कसनुसा हसत म्हणाला. "मी नाही बोललो बाई. तुमीच पायलं."

"तिनंच पाठवलं मला," बाई म्हणाल्या. बसलेल्या आवाजाचा एक फायदा असतो, खोटं बोललेलं ओळखू येत नाही. "वर माझं नाव राहिलं. तेवढं टाक."

"त्या तं काही बोलल्या नाहीत."

"मी बोलून राहिली ना आता."

वाहिदने वाटी फिरवून पाहिली. "पूरं नाव नाही मावणार. काठाजवळ जागा बारीक आहे."

"नुसतं रत्नप्रभा टाक. अक्षर बारीक आलं तरी चालेल. पण वर."

शेवटची वाटी होईपर्यंत बाई पायरीवरून हलल्या नाहीत. सुई किरकिरत होती, आणि प्रत्येक 'अनघा'च्या डोक्यावर एक 'रत्नप्रभा' बसत होती. जुन्या अक्षरांपेक्षा नवी अक्षरं जास्त चमकत होती. बाईंना कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली. मांड म्हणावं आता अंगणात. बघू कोणाची ठरतात.

घरी आल्यावर त्या वाट बघू लागल्या. अनघा पिशवी आणेल, उघडेल, तिचं तोंड उतरेल, आणि मग ती बोलेल. किंवा बोलणार नाही आणि मग आपण बोलू. पिशवी आली की नाही तेच कळलं नाही. अनघा नेहमीसारखी भाजी चिरत होती, वह्या तपासत होती, लाल पेनाने. बाईंनी कपाटामागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं. काही नाही.

रविवारी सकाळी अनघा म्हणाली, "आई, आज दहावीच्या मुलींचा निरोप ठेवलाय दुपारी. तुम्ही दोन शब्द बोला. दोनच पण, घशाला त्रास नको."

बाईंच्या लक्षात आलं. आजच. सगळ्यांसमोर जाहीर करणार. जूनपासून माझा क्लास बस स्टँडापाशी, या सगळ्या. म्हणून आपल्याला दोनच शब्द. बाईंनी ठेवणीतली जांभळी साडी काढली आणि नेसता नेसता उत्तर तयार केलं. ते दोन शब्दांपेक्षा बरंच मोठं होतं.

पुढची खोली मुलींनी सजवली होती. त्या मोठ्या बहिणींच्या साड्या नेसून आल्या होत्या, ब्लाउजना जागोजागी पिना. एक-दोघींच्या आयाही होत्या. रुपीबाई तर तांड्यावरून चालत आली होती. तर्री-पोहे झाले. दोघी-तिघी रडल्या. मग अनघा उठली आणि खुर्चीखालून तिने ती निळी पिशवी काढली.

बाईंनी पदर घट्ट धरला.

अनघाने सांगितलं ते थोडंच होतं. कोणी होस्टेलला जाल, कोणी सासरी जाल, कुठेही गेलात तरी जेवायला वाटी लागतेच. एवढीच सोबत न्या. आणि मग, वाटी हातात धरून, बाईंकडे न बघता ती म्हणाली, "भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव टाकायची आपल्यात रीत आहे. म्हणून टाकलंय. वाटी मात्र तुमची."

देणाऱ्याचं नाव.

बाईंना एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. कणीक मळायची परात, तिच्यावर नणंदेचं नाव. चहाचे पेले, त्यांच्यावर कोणा गोदूताईंचं स्मरण. कुकरमधला डबा, नीळकंठरावांच्या साहेबांनी क्षितिजच्या मुंजीत दिलेला, साहेबांच्या नावासकट. वर्षानुवर्षं त्या रोज दुसऱ्यांच्या नावांत स्वयंपाक करत होत्या, आणि ही भांडी त्या लोकांची आहेत असं एकदाही मनात आलं नव्हतं. स्वतः त्यांनी किती लग्नांत आपल्या नावाचे तांबे दिले असतील. लहान पोरीला ठाऊक असलेली गोष्ट. दारव्ह्याच्या अंगणातला तो एक न्याय डोक्यात इतका घट्ट बसला होता की दुसऱ्या रीतीला आत जागाच उरली नव्हती.

मुली वाट्या फिरवून फिरवून वाचू लागल्या. वर मोठ्या मॅडम, खाली छोट्या मॅडम. दोघींकडून. एकेक जण येऊन आधी बाईंच्या पाया पडली, मग अनघाच्या. रुपीबाई लेकीची वाटी हातात घेऊन म्हणाली, "सासू-सून एका वाटीवर. आमच्या घरी तं एका खाटेवर नाई बसत." सगळ्या हसल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, आणि आवाज फुटला नाही. तयार केलेलं उत्तर घशातच राहिलं. बिचाऱ्या बाईंचा घसा, म्हणून मुलींचे डोळे पुन्हा भरले.

पण त्या गडबडीतही बाईंची नजर आपलं काम करत होती. पिशवी उघडल्यापासून त्या अनघाचा चेहरा बघत होत्या. दोन नावं पाहून ती दचकायला हवी होती. ती दचकली नव्हती. पापणीसुद्धा हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अनघा झेंडूच्या पाकळ्या झाडत होती. केरसुणीच्या मुठीला लाल चिंधी. बाई दारात आल्या; या वेळी सूप घेऊन नाही.

"तुला माहीत होतं."

अनघा झाडत राहिली. "वाहिदभाईंनी त्याच संध्याकाळी फोन केला. घासून काढू का, विचारत होते. मी म्हटलं, राहू द्या."

"काहून?"

"घासलं की वाटीवर डाग पडतो."

बाईंना हे उत्तर नको होतं. त्यांना रडणं चाललं असतं, भांडण तर फारच चाललं असतं. त्यांनी विचारलं, आडनाव का नाही टाकलं. अनघा म्हणाली, आडनाव टाकलं असतं तर मुलींना वाटलं असतं, क्लासकडून आहे. मला माझ्याकडून काहीतरी द्यायचं होतं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, क्लासच्या नावानं दे. बाईंनी मनात पडताळून पाहिलं. त्या अगदी तेच म्हणाल्या असत्या.

"आणि ती बस स्टँडाजवळची खोली?"

आता केरसुणी थांबली. "पाहिली."

"आवडली?"

"हो. भिंती कोऱ्या आहेत, फळा मोठा बसेल. पण खिडकी नाही. उन्हाळ्यात मुली उकडून निघतील."

"खिडकी असती तर?"

अनघाने केरसुणी भिंतीला टेकवली. पहिल्यांदाच तिने सासूकडे सरळ पाहिलं. "असती तर तुम्हाला सांगून गेले असते, आई. भांडी मागितली नसती."

बाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी उगाच दूध तापत ठेवलं. नव्या पातेल्यात, नाव टाकलेल्या. एकूण हिशोब असा निघत होता की शंका खोटी नव्हती. आणि खरी होती असंही नाही. इतकी वर्षं शंकांनी त्यांना असं अर्ध्यावर कधी सोडलं नव्हतं. जावेवर शंका घेतली, ती पुरती खरी निघाली. ही कसली शंका, जिच्यात माणूस जायचं ठरवतो आणि खिडकीवरून परत येतो? त्या पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या नीळकंठरावांनी हट्टाने काढून घेतल्या होत्या. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, एक पुरे, दुसरीतून चोर येतील.

चार-आठ दिवसांनी दहावीतली बबिता आली. घरी तूर काढणं चाललं होतं म्हणून ती निरोपाला येऊ शकली नव्हती. सायकल फाटकाशी टेकवून तिने अंगणातूनच विचारलं, माझी वाटी आहे काय, अनघा मॅडमची. आत अनघाची नववीची बॅच चालली होती. वाटी बाईंनीच शिंकाळ्यावरून काढून दिली. बबिता ती घेऊन वळलीच होती.

"थांब," बाई म्हणाल्या. "ही अनघा मॅडमकडून आहे. वरचं नाव मी मागून टाकून घेतलं."

का सांगितलं ते त्यांनाही कळलं नाही. दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत झाली नसती, एवढंच. बबिताने वाटी उन्हात धरून पाहिली. वरची अक्षरं खरंच जास्त चमकत होती.

"मले काय मॅडम," ती म्हणाली. "अनघा नावाची वाटी तं कोणाचीबी असू शकते. हे दोन नावाची आमच्या तांड्यावर दुसरी नाई. हरपली तं लगेच सापडन."

वाटी पिशवीत टाकून, पिशवी हँडलला अडकवून ती निघून गेली. रस्त्याला खड्डे होते. वाटी डब्यावर आपटत बराच वेळ वाजत राहिली.

बाई आत आल्या. बॅच सुटली होती. अनघा फळा पुसत होती.

"जूनच्या आधी पाटी नवी करू," बाई म्हणाल्या. "उन्हानं उडालीय."

अनघाने मागे वळून पाहिलं नाही. "नाव काय टाकायचं?"

"दोघींचं."

"वर कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "घसा गेलाय माझा, नाव नाही गेलं. शिकव तू. सगळ्या बॅचेस शिकव. हिरव्या पेनानं तपास पाहिजे तर. पण वर मी."

"बरं," अनघा म्हणाली आणि फडकं झटकायला अंगणात गेली.

दुपारी घर निजलं. बाईही आडव्या झाल्या, पण डोळा लागेना. त्यांनी भांडणाची तयारी ठेवली होती. वरच्या नावासाठी दोन दिवस तरी ताणावं लागेल असं धरलं होतं. आणि ही पोरगी सरळ बरं म्हणाली. एका शब्दात, आठी न घालता. इतक्या लवकर काहून बरं म्हणाली असेल? त्या कुशीवर वळल्या. अंगणात दोरीवर टाकलेल्या फडक्याचा खडू उन्हात उडत होता. थोड्या वेळाने त्या उठल्या, आणि तांदूळ आधीच निवडलेला असूनही सूप घेऊन मधल्या दाराशी जाऊन बसल्या. मात्र दार उघडं ठेवून.